अण्णांचा दोरा आणि माझी नवी फ्रेम

फ्रेमवरच्या त्या रेघेला मी आधी चिकटलेला केस समजले. पाचगणीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल पुसत होते. हँडलखालच्या आखूड नळीला, म्हणजे हेड ट्यूबला, खालची जाड नळी येऊन मिळते तिथे, वेल्डिंगच्या कडेला अगदी लागून, बोटाच्या पेराएवढी काळी रेघ. फडका फिरवला, गेली नाही. नख फिरवलं, तर ते अडकलं. आदल्या दिवशी दुपारी याच सायकलवरून मी पसरणी घाट उतरून वाईला आले होते, आणि सरळ पट्टा मिळाला की ताशी चाळीसच्या पुढे जात होते. मी तिथेच, पार्किंगच्या फरशीवर, बराच वेळ बसून राहिले.

सायकल ॲल्युमिनियमची. सहा वर्षं वापरलेली, एकोणीस हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. पहिली २०० किलोमीटरची बीआरएम मी तिच्यावर केली, मग ३०० ची. (बीआरएम ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं असतं, २०० ला साडेतेरा तास, ३०० ला वीस.) वॉरंटीची मुदत संपून गेली होती, तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

भोसरीत माझ्या ओळखीचे एक वेल्डर आहेत. टिग वेल्डिंग करतात आणि त्यांचा टाका करंजीच्या मुरडीसारखा एकसारखा पडतो. त्यांनी चीर पाहिली आणि म्हणाले, "ताई, दहा मिनिटांचं काम आहे, भरून देतो." त्यांनी ती सुंदर भरूनही दिली असती. पण मी चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, धातूंची थोडी ओळख आहे, म्हणून नको म्हटलं. सायकलच्या फ्रेमला बहुतेक करून ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम वापरतात. वेल्डिंगची आच लागली की सांध्याशेजारचा पट्टा मऊ पडतो. म्हणून कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम साधारण ५३० अंशांपर्यंत तापवतात, विझवतात, सरळ करून घेतात आणि पुन्हा कमी आचेवर काही तास ठेवतात. तेव्हा कुठे तिच्यात ती ताकद येते, जिला टी-६ म्हणतात. रस्त्याकडेच्या शेडमध्ये चीर बुजते, पण तिच्या शेजारचा मऊ पट्टा तसाच राहतो. पुढची चीर तिथून निघणार, आणि ती घाटातच निघणार.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. मी फक्त एवढंच म्हणाले, की अण्णा, फ्रेम चिरली. त्यांनी विचारलं, "सांध्याशेजारीच ना?"

साताऱ्यात राजवाड्याजवळ अण्णांचं सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती आणि भाड्याच्या सायकली, तासाला पन्नास पैसे. बावीस इंची आणि चोवीस इंची काळ्या सायकली, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने घातलेले नंबर. शाळेतून आले की मी तिथेच असायचे, कपातल्या ग्रीसमध्ये छर्रे मांडायला, चाकाचा आउट काढताना अण्णांना स्पोकची चावी द्यायला. गावातले दूधवाले दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या लावून खेड्यांतून यायचे, आणि त्यांच्यापैकी कुणाची ना कुणाची फ्रेम मोडून दुकानात यायचीच. अण्णा ती पितळेने झाळून द्यायचे. नळी मधोमध मोडलेली मी एकदाही पाहिली नाही. मोडायची ती सांध्यापासून अर्ध्या-एक इंचावर. "पोरी, फ्रेम सांध्यापाशी जगते आणि सांध्यापाशीच मरते," हे अण्णांचं वाक्य मी शंभरदा ऐकलंय. त्याचा अर्थ मला नीट कळला तो आत्ता, एकावन्नाव्या वर्षी, स्वतःची फ्रेम निवडताना.

चेन, गिअर, ब्रेक, चाकं, सगळं पुढे बदलता येतं. मी तर एकदा गिअरचा अख्खा संच बदलला होता. पण फ्रेमची लांबी, उंची, तिच्यातले कोन, तिचे सांधे, बीबीचे (पायडलची दांडी फिरते त्या जागेचे) आटे हे एकदा घेतलं की घेतलं. म्हणून या वेळी अख्खी सायकल घ्यायची नाही, फक्त फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) घ्यायचा, बाकीचं सामान जुन्या सायकलवरून जमेल तेवढं आणायचं असं ठरवलं. आणि दुकानात जायच्या आधी महिनाभर घरीच मोजमापं घेत बसले.

कारण जुनी फ्रेम चिरली नसती तरी ती मला चुकीचीच होती. माझी उंची १५५ सेंटिमीटर. भिंतीला टेकून, पायांत जाड पुस्तक घट्ट वर दाबून मोजलेली पायाची आतली लांबी ७१.५. सहा वर्षांपूर्वी दुकानात माझ्या मापाची फ्रेम शिल्लक नव्हती, तेव्हा एक माप मोठी दिली गेली. "स्टेम छोटा टाकून देतो, बसेल तुम्हाला," असं सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. ९० मिमीचा स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमच्या पुढे धरणारा तुकडा, काढून ५० चा टाकला. दीडशे किलोमीटरनंतर मानेच्या मुळाशी कळ, आणि दोनशेनंतर करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर. त्या तीनशेच्या राईडनंतर चार दिवस मला उजव्या हाताने साडीची पिन लावता येत नव्हती. इतकी वर्षं मी ते वयावर आणि सवयीवर ढकलत आले.

दुकानात फ्रेमचं माप म्हणून जो आकडा सांगतात, ४७, ४९, ५१, किंवा एस आणि एक्सएस, त्याने काहीही ठरत नाही. एका कंपनीचं ४९ दुसरीच्या ५२ एवढं लांब असू शकतं. बघायचे ते दोन आकडे, स्टॅक आणि रीच. पायडलची दांडी जिथे फिरते त्या बीबीच्या मध्यापासून हेड ट्यूबचं वरचं टोक सरळ उभं किती वर आहे तो स्टॅक, आणि आडवं किती पुढे आहे तो रीच. सीट पुढेमागे करता येते, वरखाली करता येते, पण ही दोन मापं फ्रेमच्या हाडात असतात. दोन फ्रेमांची तुलना करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हेड ट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे हँडलखाली वायसर टाकून ते १० मिमी वर घेतलं की आपोआप सुमारे ३ मिमी मागेही येतं. म्हणजे ५०० स्टॅक आणि ३६६ रीच असलेली फ्रेम, ५२० आणि ३६० वाल्या फ्रेमपेक्षा मुळीच लांब नाही. उंचीएवढे वायसर टाकले की दोन्ही जवळजवळ एकाच जागी येतात.

छोट्या मापांत एक फसगत असते, ती लिहिलीच पाहिजे, कारण आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा संबंध छोट्या मापांशीच येतो. तक्त्यात वरच्या नळीची लांबी कमी दिसावी म्हणून सीटची नळी अधिक उभी करतात. इतर मापांत ७३ अंशांचा कोन असतो, तो सगळ्यात छोट्या मापात ७५ च्या आसपास नेतात. तक्त्यावर फ्रेम आखूड झाली. पण आपण सीट जिथे हवी तिथे मागे घेतो, आणि रीच होता तेवढाच राहतो. माझ्या सीटच्या उंचीला एका अंशामागे साधारण ११ मिमीचा फरक पडतो. दोन अंशांत दोन सेंटिमीटरहून जास्त. कागदावर कमी झालेली ती लांबी मानेत मात्र जशीच्या तशी जाणवते.

मग मी माझं माप काढलं. जुनीसारखीच एक उसनी सायकल भिंतीशी सरळ उभी केली, हँडलखाली आणखी वायसर टाकले, सीट थोडी पुढेमागे केली. तिच्यावर रोज सकाळी पाषाणपर्यंत जाऊन यायचं आणि संध्याकाळी एखादाच बदल करायचा. तिसऱ्या आठवड्यात हात हलके वाटायला लागले. (चीर पडलेल्या सायकलवर हे केलं नाही, हे सांगायला हवं. एका मैत्रिणीची त्याच मॉडेलची, त्याच मापाची सायकल उसनी घेतली होती.) बीबीच्या मध्यातून आणि हँडलच्या मध्यातून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि अंतरं मोजली. त्यातून स्टेम आणि हेडसेट (हेड ट्यूबमधले बेअरिंग) वजा केल्यावर आकडे आले ते असे. स्टॅक ५२० च्या आसपास, रीच ३६० किंवा त्याहून थोडा कमी, ७० मिमीचा स्टेम धरून. ते अण्णांच्या दुकानातल्या जुन्या जमाखर्चाच्या वहीत, कोऱ्या राहिलेल्या पानावर लिहिले. पुढचे सगळे शोध त्या पानाला धरून झाले.

आणखी एक अडचण पायाची. ७०० सीच्या चाकांभोवती इतकी छोटी फ्रेम आखली की पुढचं चाक पायाच्या फार जवळ येतं. सिग्नलला हळू वळताना बुटाचं टोक टायरला घासतं. जुन्या सायकलवर मी एकदा स्वारगेटच्या चौकात अशीच आडवी झाले होते. यावर उपाय म्हणजे लहान चाक. ७०० सीच्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिमी आणि ६५० बीचा ५८४, म्हणजे त्याच रुंदीचं टायर असेल तर ते पायापासून १९ मिमी लांब राहतं. हा आकडा छोटा वाटतो, पण टायर आणि बूट यांच्यामध्ये १९ मिमी मिळाले तर घासणं थांबतं.

आता धातू. लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि माझ्या मते तो शेवटी यायला हवा.

पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड आणि जवळजवळ तिप्पट कडक. टायटॅनियम दोन्ही बाबतींत मधलं. त्यामुळे "हा धातू मऊ चालतो, तो कडक चालतो" या बोलण्याला फारसा अर्थ उरत नाही. सगळं नळीच्या जाडीवर आणि व्यासावर आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर तिचा वाकण्याला असलेला विरोध आठपट होतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमांच्या नळ्या मनगटाएवढ्या जाड दिसतात त्या म्हणूनच. आणि साधं पोलाद असो की उंची मिश्रधातू, दोघांचा कडकपणा सारखाच असतो. फरक असतो तो ताकदीत. ४१३० म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद, ज्याला सगळे क्रोमोली म्हणतात, ते अधिक ताण सहन करतं, म्हणून त्याची नळी पातळ काढता येते. नळी पातळ म्हणून फ्रेम हलकी, आणि थोडी लवचिकही.

पण सगळीच नळी पातळ केली तर? तर अण्णांचे दूधवाले परत दारात. म्हणून नळीची टोकं जाड ठेवतात आणि मधला भाग पातळ, उदाहरणार्थ टोकाला ०.८ मिमी, मध्ये ०.५, पुन्हा टोकाला ०.८. बाहेरून व्यास सगळीकडे एकच दिसतो, जाडी आतल्या बाजूला असते. याला बटेड नळी म्हणतात. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा खिळ्यांचा होता. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे त्यानं पण मोडलेल्या फ्रेमा बघितल्या असणार."

याच नळ्यांची एक जुनी फ्रेम मी जवळजवळ घेतलीच होती. कॅम्पात एका वयस्कर गृहस्थांनी जपून ठेवलेली इंग्लिश फ्रेम, रेनॉल्ड्स ५३१. हे पोलाद १९३५ साली आलं, मँगनीज आणि मॉलिब्डेनमचं. त्याला वेल्डिंगची मोठी आच सोसत नाही, म्हणून नळ्या लगमध्ये, म्हणजे पोलादी बाह्यांमध्ये, बसवून कमी आचेवर झाळतात. त्या लगच्या कडा कानशीने इतक्या पातळ उतरवल्या होत्या की बोट फिरवलं तरी लग कुठे संपला आणि नळी कुठे सुरू झाली ते कळत नव्हतं. मला ती सोडवेना. पण तिच्या मागच्या चाकाची जागा १२६ मिमी, जुन्या सहा-सात गिअरच्या काळातली. टायर मावणार २५ चं, आणि माप माझ्या नवऱ्याच्या उंचीचं. मी तासभर तिच्याशेजारी बसून चहा घेतला आणि परत आले.

तिथून एक गोष्ट मात्र शिकून आले. तिच्यावरच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, की बटेड नळ्या, चिमटा आणि मागच्या काड्या, सगळं ५३१ आहे. पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या दुकानात मला "क्रोमोली" असं ठळक लिहिलेली फ्रेम दाखवली. किंमतही मोहात पाडणारी. मी विचारलं, सगळी फ्रेम क्रोमोली आहे का? विक्रेत्याने हो म्हटलं. घरी येऊन माहितीपत्रक शब्दाशब्दाने वाचलं, तर क्रोमोली होत्या त्या फक्त पुढच्या त्रिकोणातल्या तीन नळ्या. मागचा त्रिकोण आणि चिमटा साध्या पोलादाचा. यात खोटं काही नाही, साधं पोलादही चालतं, ते जड असतं इतकंच. पण आपण पैसे कशाचे देतोय ते माहीत असायला हवं. तेव्हापासून मी कुठल्याही फ्रेमची चिठ्ठी वाचताना "मेन ट्रायँगल", म्हणजे फक्त पुढचा त्रिकोण, हे दोन शब्द आधी शोधते.

कार्बन मी लवकर सोडून दिला. चांगल्या कार्बन फ्रेमा उत्तम असतात, माझे कितीतरी सोबती त्यांच्यावर फिरतात. पण माझी सायकल रात्रीच्या बसच्या डिकीत, पोत्यांच्या आणि ट्रंकांच्या शेजारी आडवी प्रवास करते. आत कुठे थर सुटला तर तो मला घरी बघून कळणार नाही, आणि जे मला तपासता येत नाही त्यावर मी घाट उतरू इच्छित नाही. टायटॅनियम गंजत नाही, कोकणाच्या खाऱ्या हवेत त्याहून चांगलं काही नाही, पण ते माझ्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट होतं. ॲल्युमिनियमवर माझा राग नाही. फक्त एवढंच, की पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालचे हादरे ते लाखो वेळा सोसू शकतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, छोटे हादरेही साठत जातात. चांगले कारागीर ते हिशेबात धरून जाडी ठेवतात. पण माझ्या मनात ती काळी रेघ होती.

वजनाचा हिशेब मी एकदाच मांडला आणि मग तो विषय बंद केला. पोलादाची फ्रेम ॲल्युमिनियमपेक्षा साधारण ६०० ग्रॅमने जड पडत होती. मी, सायकल, पाणी आणि सामान मिळून ७५ किलो. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. तासाभराच्या चढाला अर्धा मिनिट. सिंहगडाच्या चढावर मी त्याहून जास्त वेळ ताक प्यायला थांबते.

आरामाबद्दलही बोलते, कारण "पोलाद म्हणजे आराम" असं ऐकून मीही सुरुवात केली होती. उभ्या हादऱ्याला सायकलची त्रिकोणी फ्रेम फारच थोडी दबते, मग ती कशाचीही असो. हादरा खरा गिळतो तो टायर. म्हणून ज्या फ्रेममध्ये रुंद टायर मावतं ती आरामाची, हा माझा निष्कर्ष. माझी अट होती ४२ मिमीचं टायर, वर मडगार्ड, आणि तरीही चिखल निघून जायला जागा. साताऱ्याकडचे जुलैमधले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

शेवटी जी घेतली ती ४१३० ची, तैवानमध्ये घडवलेली, पुढून मागून सगळी क्रोमोली, टिग वेल्डिंगची, ६५० बी चाकांची. स्टॅक ५१८, रीच ३५८, सीटचा कोन ७३.५. फ्रेम आणि चिमटा मिळून अठ्ठावन्न हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमचं शरीर माझं नाही, आणि नाव वाचलं की माणूस आकडे वाचायचा थांबतो.

बारीकसारीक गोष्टींमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ बीबीवर घालवला. माझ्या फ्रेमचा बीबी शेल ६८ मिमीचा, आट्यांचा आहे. उजव्या बाजूचा आटा उलटा, अण्णांनी मला दहाव्या वर्षी शिकवला तसाच. नुसते दाबून बसवायचे बीबीही येतात, त्यात शेल मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत गोल नसला की प्रत्येक पायडलला कुरकुर. पावसाळ्यात तीनशे किलोमीटर ती कुरकुर ऐकलेली मैत्रीण आहे माझी. आटे असले की तालुक्याच्या गावातला कारागीरही बीबी खोलू शकतो, फक्त पान्हा जवळ हवा. त्याच कारणाने केबल बाहेरून जाणाऱ्या घेतल्या. हल्ली ब्रेकच्या नळ्या हेडसेटच्या आतून नेतात, दिसायला फार देखणं, पण खालचा एक बेअरिंग बदलायला हायड्रॉलिक ब्रेक सोडावा लागतो. सीटपोस्ट २७.२, कुठेही मिळणारा. मागचा एक्सल १४२ बाय १२. गिअर अडकवायचा हँगर वेगळा काढता येणारा, आणि त्याचा एक जोड मी फ्रेमसोबतच मागवून ठेवला. कॅरियर आणि मडगार्डसाठी चारी बाजूंना आट्यांची भोकं. आणि बीबी शेलच्या पोटाला पाणी निघून जायला एक छिद्र. हे छिद्र नसतं तर मी फ्रेम घेतली नसती.

खोकं पुण्याला आलं, पण मी ते न उघडता साताऱ्याला नेलं.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दुकान कधीच बंद झालं, पण परसातल्या शेडमध्ये हत्यारं जागच्या जागी आहेत. त्यांनी फ्रेम दोन्ही हातांनी उचलली, एक डोळा मिटला आणि हेड ट्यूबच्या कडेवरून सीटच्या नळीची कड पाहिली. दोन्ही नळ्या एका रेषेत झाकल्या गेल्या की नळ्यांना पीळ नाही. मग सांधे. एकेक सांधा उजेडात फिरवून, अंगठ्याने. टाका कुठे तुटलेला नाही, कुठे नळीच्या कडेला खाच पडलेली नाही, हे ते बोटानेच बघतात. त्या खाचेतूनच चीर सुरू होते.

मग दोरा. मेणाचा हात फिरवलेला जुना सुती दोरा. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा एक्सल बसतो त्या जागेपासून) निघून पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत तो ताणून बांधायचा. सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं आलं की मागचा त्रिकोण सरळ. अण्णांनी खराट्याचा एक हीर घेतला, डाव्या बाजूच्या फटीत धरून नखाने बरोबर तोडला आणि तोच उजव्या बाजूला लावून पाहिला. "टेकतो नुसता," म्हणाले. मी माझा डिजिटल व्हर्नियर काढला. डावीकडे ३५.२, उजवीकडे ३४.७. अर्धा मिमी. कारखान्यात मी ज्या यंत्रावर मोजते त्याची किंमत या घराएवढी आहे, आणि अण्णांच्या हिराने तोच अर्धा मिमी सांगितला होता.

बीबीच्या वाट्या हाताने फिरवून आत गेल्या, पान्हा शेवटच्या दोन वेढ्यांनाच लागला. सीटपोस्ट न खरवडता उतरला. चिमट्यात चाक एकदा असं आणि एकदा उलटं घालून पाहिलं, दोन्ही वेळा मधोमध. मग रंगाच्या दुकानातून आणलेलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल नळ्यांच्या आत ओतलं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली, आणि शेडमध्ये जिथे पूर्वी भाड्याच्या सायकलींच्या ट्यूबा टांगलेल्या असायच्या त्या आकड्याला ती अडकवली. आत तेलाचा पातळ पापुद्रा वाळला की गंज धरत नाही. खाली वर्तमानपत्र पसरलं. बीबीच्या छिद्रातून थेंब थेंब तेल पडायला लागलं.

"जुनी आणलीस का?" अण्णांनी विचारलं. आणली होती. ती त्यांनी शिकंजात धरली आणि मी करवतीने हेड ट्यूबजवळचा सांधा कापून वेगळा केला. ॲल्युमिनियम भराभर कापलं जातं. तुकडा फडक्याने पुसून आम्ही दारातल्या उजेडात धरला. बाहेरून पेराएवढी दिसणारी चीर आतल्या बाजूने जवळजवळ दुप्पट लांब होती. टाक्याच्या कडेकडेने ती नळीच्या खालपर्यंत गेली होती, रंगाखाली झाकलेली.

अण्णांनी तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवला. "पसरणी उतरलीस तू यावर?"

मी हो म्हटलं. त्यांनी तुकडा फळीवर ठेवला आणि हात धुवायला आत गेले.